ऊन दाखवा, मग डबे भरा: फराळाचे तुमचे प्रश्न

घट बसले की तुमच्या पत्रांचा आणि मेसेजचा ओघ सुरू होतो, यंदाही तसाच झालाय, आणि सगळे प्रश्न एका बैठकीत वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती म्हणून ती आधीच सांगते. चार महिने पावसाळा असतो. डाळी, पोहे, रवा, सुकं खोबरं, सगळ्यात ओल शिरलेली असते, ती हाताला कळत नाही पण कढईत गेल्यावर बरोबर कळते. आणि मग ऑक्टोबरमध्ये ते कडक ऊन पडतं, ज्याला आपण सगळे वैतागतो, पण फराळाच्या सामानाला त्याच्यासारखं औषध नाही. गच्ची नसेल तर बाल्कनीत, बाल्कनी नसेल तर खिडकीच्या कट्ट्यावर, पण ताटात पसरून सामानाला ऊन दाखवाच. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. उरलेले निम्मे आता बघू.

प्रश्न: ताई, माझी चकली तळल्या तळल्या मस्त कुरकुरीत असते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. भाजणी घरचीच आहे, सासूबाईंच्या मापाने. दोन वर्षं हेच चाललंय. (पिंपरी)

माप बरोबर असणार, सासूबाईंच्या मापाला हात लावू नका. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, थोडे पोहे, धणे आणि जिरं, बहुतेक घरांत याच्याच आसपास असतं. बिघडतं ते भाजण्यात आणि तळण्यात. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण सुकू द्या, डाळींना ऊन दाखवा आणि प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजा, कारण मूग डाळ भाजून झाली तरी हरभरा डाळ आतून कच्चीच असते आणि एकत्र भाजलं की एक करपतं नि एक राहून जातं. गिरणीत नेताना सांगायचं की तांदळावर किंवा डाळीवर दळा, गव्हावर नको, जात्यात राहिलेली कणीक भाजणीत उतरली की पीठ चिकट होतं.

आता तळणं. तुम्ही मोठ्या आचेवर तळताय असं मला वाटतं, कारण "तळल्या तळल्या कुरकुरीत आणि उद्या मऊ" हे अगदी त्याचंच लक्षण आहे. वरून पटकन रंग येतो, आपण काढतो, आत पाणी तसंच असतं आणि रात्रभरात ते बाहेरच्या कुरकुरीत भागात पसरतं. चकली सोडताना तेल चांगलं गरम हवं, सोडल्यावर गॅस मध्यम करायचा आणि बुडबुड्यांकडे बघत थांबायचं. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय, ते जवळजवळ थांबले की चकली झाली, रंगावर जाऊ नका. एक मोडून बघा, आत नळी पडलेली दिसली पाहिजे. मग कागदावर पूर्ण गार होऊ द्या, अगदी तास दीड तास, कोमट चकली डब्यात भरली की झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. मोहन वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा गरम तेल पुरतं. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, तसं झालंच तर मळलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा. सोऱ्यातून पडताना तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून परत मळा, आणि एका वेळी एका घाण्यापुरतंच मळा, सगळं एकदम नको.

मऊ पडलेल्या फेकू नका हं. ओव्हन १५० अंशावर ठेवून दहा मिनिटं, किंवा एअर फ्रायरमध्ये चारपाच मिनिटं, बाहेर काढून गार करा, परत वाजायला लागतील.

प्रश्न: आमच्या सोसायटीत कोजागिरीला ४० जणांचं मसाला दूध करायचं काम माझ्याकडे आलंय. किती दूध आणू आणि खाली लागू नये म्हणून काय करू? (डोंबिवली)

८ लिटर फुल क्रीम दूध आणा. आटून साधारण ६ लिटर झालं की माणशी १५० मिली येतं, कोजागिरीच्या पेल्याला तेवढं बास होतं. साखर लिटरला ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे पाऊण किलो आणून ठेवा पण सगळी एकदम ओतू नका, दूध आटतं तसं गोड लागतं, शेवटी चव बघून घाला.

पातेलं जाड बुडाचं घ्या आणि दूध ओतायच्या आधी आत थोडं पाणी फिरवून टाका, दूध कमी लागतं. ढवळताना उलथनं तळाला टेकवूनच फिरवायचं, आणि हे काम एकाच माणसाकडे द्या, चार जणींनी गप्पा मारत ढवळलं की नेमकं कोणाचंच लक्ष नसतं. तरी लागल्याचा वास आलाच तर चमचा तळाला लावायचा नाही, खरवडायचं तर अजिबात नाही, वरचं दूध हळूच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. खरवडलं की वास सगळ्या दुधात गेला.

मसाल्यासाठी बदाम पिस्ते थोडे भाजून गार करून जाडसर वाटा, गरम गरम वाटले की तेल सुटून गोळा होतो. केशर वाटीभर गरम दुधात अर्धा तास आधी भिजवून ठेवा. चारोळीचं मात्र बघा, पावसाळ्यात उरलेली चारोळी हमखास खवट झालेली असते आणि चमचाभर खवट चारोळी ८ लिटर दुधाची चव घालवते, म्हणून आधी दोन दाणे चावून बघायचे. जायफळ अर्धं पुरे. वेलची, जायफळ गॅस बंद केल्यावरच.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. इथे ऑक्टोबरमध्ये जिकडे तिकडे भोपळेच भोपळे असतात. आजी करायची तसे घारगे या भोपळ्याचे होतील का? कॅनमधला पल्प चालेल का? (न्यू जर्सी)

होतील आणि छान होतील! फक्त तो दारात कोरून ठेवायचा मोठा भोपळा घेऊ नकोस, तो पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो, चव काहीच नाही. बटरनट स्क्वॉश किंवा कबोचा मिळाला तर घे, गर घट्ट आणि गोड असतो, आपल्या तांबड्या भोपळ्याच्या जवळ जाणारा. कॅनचा पल्पही चालतो पण डब्यावर नीट वाच, नुसता भोपळा हवा. पाय फिलिंग म्हणून जो डबा मिळतो त्यात साखर आणि दालचिनी वगैरे मसाले आधीच घातलेले असतात, त्याचे घारगे आजीच्या घारग्यांसारखे लागणार नाहीत. आणि कॅनच्या पल्पमध्ये पाणी असतं, तो कढईत आधी परतून घट्ट करून घ्यायचा, ही पायरी गाळू नकोस.

वाटीभर शिजलेल्या गरात पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून गूळ विरघळेपर्यंतच गरम कर. गार झाल्यावर चिमूट मीठ, वेलची किंवा जायफळ, चमचाभर तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मग कणीक, मावेल तेवढी. दोन वाट्यांच्या आसपास लागेल पण तिथला पल्प किती ओला आहे त्यावर आहे, म्हणून माप धरून बसू नकोस, पुरीपेक्षा घट्ट गोळा झाला की थांब. पाण्याचा थेंबही नको. हा गोळा जास्त वेळ ठेवला की गुळामुळे सैल होतो, पंधरावीस मिनिटांत लाटायला घे. पुरीपेक्षा जाड थापायचे, वरून खसखस दाबायची आणि मध्यम आचेवर तळायचे, कारण गूळ लगेच लाल होतो आणि आत कच्चं राहतं. तुपाबरोबर खा. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर जास्त चांगले लागतात असं माझं मत आहे.

प्रश्न: अनारसे तुपात टाकले की हसतात. पीठ फेकून द्यायचं का? (सांगली)

अजिबात फेकू नका, ते पीठ वाचतं.

ज्यांनी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, अनारसा हसला म्हणजे तुपात पडताच जाळी सुटून पसरला, विखुरला. गूळ जास्त झालाय, नाहीतर पीठ जास्त ओलं राहिलंय, नाहीतर मुरलं नाहीये, या तिन्हीतलं काहीतरी एक असतं. आधी एकच लहान अनारसा तळून बघायची सवय लावा, तो हसला तर गोळ्यात दोन चमचे तांदळाची पिठी मिसळा, दळताना थोडी बाजूला ठेवलेली असली तर उत्तम, आणि गोळा परत एक दिवस झाकून ठेवा. मग पुन्हा एक तळून बघा. उलट कडक झाला तर पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कुस्करून मळा किंवा दुधाचे चार थेंब.

मुळात तांदूळ जुना आणि जाडसर हवा. ३ दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून कापडावर पसरायचा. आणि सुरुवातीला मी जे उन्हाचं सांगितलं ना, ते इथे नाही चालत. अनारशाचा तांदूळ सावलीतच, तोही पूर्ण वाळवायचा नाही, हाताला गार आणि किंचित दमट लागला पाहिजे, तसाच दळायचा आणि चाळायचा. वाटीभर पिठाला पाऊण वाटी किसलेला गूळ घेऊन सुरुवात करा. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात चारपाच दिवस मुरू द्या, घाई केली की हसणारच. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अधिक मासात जावयाला ३३ अनारसे देणाऱ्या बायका या सगळ्यातून जायच्या, त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

प्रश्न: बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो. (अमरावती)

कच्चं राहिलंय. पाकिटातलं बेसन फार बारीक असतं, त्यापेक्षा हरभरा डाळ गिरणीतून रवाळ दळून आणा. ४ वाट्या बेसनाला पावणेदोन वाट्या तूप आणि मंद आच, ३५-४० मिनिटं लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही. आधी गोळा जड वाटतो, मग हळूहळू सैल होऊन कडेने तूप सुटतं आणि हात हलका फिरायला लागतो, वास घरभर जातो, तेव्हा भाजलं. शेवटी दोनतीन चमचे दूध शिंपडा, फसफसून येईल आणि दाणा फुलेल. पूर्ण कोमट झाल्यावरच अडीच वाट्या पिठीसाखर, गरम असताना घातली तर साखर सुटून मिश्रण पातळ होतं. लाडू बसले तर मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून परत वळा.

प्रश्न: पातळ पोह्यांचा चिवडा करताना पोहे आकसतात आणि चार दिवसांनी चिवडा मऊ होतो. (नाशिक)

पोह्यांना दोनतीन तास कडक ऊन द्या, मग मंद आचेवर थोडे थोडे परता. एकदम सगळे पोहे आणि मोठी आच, याने आकसतात. ऊन नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे एकेक मिनिट. आणि मऊ का होतो ते सांगते, बहुतेक वेळा मिरची आणि कढीपत्त्यामुळे. धुतलेला कढीपत्ता ओला तसाच फोडणीत जातो, मिरची अर्धवट तळली जाते, आणि त्यातलं पाणी डब्यात पोहे शोषून घेतात. दोन्ही अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळा, मिरची हाताने मोडली पाहिजे. हळद गॅस बंद करून घाला, मीठ फोडणीतच, पिठीसाखर सगळं गार झाल्यावर.

प्रश्न: सीताफळाची रबडी करते पण बिया काढण्यात जीव जातो. मिक्सरमधून काढू का? (सासवड)

मिक्सर नको. बी फुटली तर गर कडू होतो आणि ती बी विषारीही असते, पोटात जायला नको. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर घालून हाताने किंवा वाटीच्या बुडाने फिरवा, बिया वर राहतात. तुमच्याकडे तर सीताफळ दारात मिळतं, पूर्ण पिकलेलं, डोळे उघडलेलं फळ घ्या म्हणजे गर आपोआप सुटतो. आणि गर गार रबडीतच मिसळा, उकळत्या दुधात घालू नका, चव बिघडते.

प्रश्न: नवीन तांदळाचा भात गिचका होतो, काय करावं? (कुडाळ)

नव्या तांदळात ओल असते म्हणून पाणी कमी लागतं, जुन्याला दुप्पट घालत असाल तर याला दीडपट घालून बघा आणि कुकरऐवजी पातेल्यात करा. पण खरं सांगू का, नव्या तांदळाचा मऊ भात, वर मेतकूट आणि तूप, हे या दिवसांतच मिळतं, मोकळा व्हायलाच हवा असा हट्ट कशाला. तुमच्याकडे आणि गोव्यात नरकचतुर्दशीला कारीट फोडून झालं की नव्या भाताचे पोहे करतात, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. रसातल्या पोह्यांना गूळ नारळाच्या दुधात गार असतानाच विरघळवा आणि पोहे अगदी वाढायच्या वेळी घाला, आधी भिजवले की लगदा.

प्रश्न: तळणीचं तेल किती वेळा वापरावं? आणि सगळा फराळ एकाच तेलात तळला तर चालतो का? (ठाणे)

हॉटेलांसाठी सरकारी नियम आहे, तेलातल्या टोटल पोलर कंपाऊंड्सचं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढत जाणाऱ्या खराब घटकांचं, प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायला काही नसतं, आपण डोळ्याने आणि नाकाने ओळखायचं. तेल काळपट झालं, चिकट वाटलं, तापायच्या आधीच धूर आला, किंवा वर फेस येऊन बसत नसेल तर टाकून द्या, महाग आहे म्हणून पुढे ढकलू नका, मुलं तेच खाणार असतात.

एका तेलात तळायचं तर क्रम लावा. आधी शंकरपाळे, मग करंज्या, मग चकली, तिखट शेव सगळ्यात शेवटी, कारण पिठाचा चुरा आणि तिखट तळाशी बसून करपतं आणि पुढच्या घाण्याला वास लागतो. करंजी फुटून सारण तेलात सांडलं तर लगेच गॅस बंद करून तेल गाळून घ्या. अनारशांचं तूप वेगळंच. आणि डबे भरताना लसणाची शेव चिवड्याच्या डब्यात घालू नका, एका रात्रीत सगळा चिवडा लसणाचा लागतो.