एक अक्षर टाइप केलं की अख्खं पान रेंडर का होतं?

प्रश्न : गिरगावातल्या एका पोळी-भाजी केंद्रासाठी रिॲक्टमध्ये (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) ऑर्डरचं ॲप करतो आहे. लॉगिन, थीम, कार्ट, रोजचा मेनू, सर्चमधला मजकूर असं सगळं एकाच कॉन्टेक्स्टमध्ये (ॲपमध्ये कुठूनही वाचता येणारा सामाईक डेटा) आहे. मेनूत साठेक पदार्थ. साध्या फोनवर सर्च करताना अक्षरं अडखळत उमटतात. पदार्थाच्या कार्डाला मेमो लावला, फरक पडला नाही. आता रीडक्स (ॲपचा डेटा एका जागी सांभाळणारी वेगळी लायब्ररी) आणू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी कारण पाहा. कॉन्टेक्स्टची व्हॅल्यू बदलली की ती वाचणारा प्रत्येक कॉम्पोनंट (पडद्याचा एक तुकडा) पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो, मग त्याला त्यातलं एकच फील्ड का लागेना. तुमच्याकडे दर अक्षराला नवा ऑब्जेक्ट बनतो आणि तो वाचणारी साठही कार्डं रेंडर होतात. मेमो अडवतो तो वरच्या कॉम्पोनंटकडून येणारा रेंडर, तोही प्रॉप्स (वरून मिळणारी माहिती) तेच असतील तर. कॉन्टेक्स्टमुळे होणारा रेंडर त्याला अडवता येत नाही.

सर्चचा मजकूर लागतो फक्त बॉक्सला आणि यादीला. तो त्या दोघांच्या सामाईक पालकात, म्हणजे दोघांच्या वरच्या कॉम्पोनंटमध्ये, युजस्टेटने ठेवा. यादी तरीही रेंडर होईल, पण कार्डं थांबतील. अट एकच : 'कार्टमध्ये टाका' हे फंक्शन दर वेळी नवं बनता कामा नये. कार्टसाठी युजरिड्यूसर वापरा. त्याचा डिस्पॅच, म्हणजे काय बदलायचं ते कळवणारं फंक्शन, कायम तोच राहतो. तो एका कॉन्टेक्स्टमधून द्या, कार्टचा डेटा दुसऱ्यामधून; कार्डाने फक्त डिस्पॅच घ्यावा.

कार्टमध्ये पदार्थाचा आयडी आणि नग एवढंच असू द्या. एकूण रक्कम तिथे साठवू नका, दर वेळी हिशेब करा. दोन ठिकाणी ठेवलेली गोष्ट कधीतरी जुळत नाही : पडद्यावर 3 पोळ्या, बिल 2 पोळ्यांचं.

मेनू तर मुळात तुमच्या ॲपचा नाहीच. तो सर्व्हरचा; तुमच्याकडे असते ती प्रत, आणि प्रत शिळी होते. दुपारी साडेबाराला भाजी संपली तरी गिऱ्हाइकाला ती दिसत राहते. त्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरचा डेटा आणून सांभाळणारी लायब्ररी घ्या. तिथे स्टेलटाइम (डेटा किती वेळ ताजा धरायचा) न सांगता 0 असतो, म्हणजे आलेला डेटा लगेच शिळा धरला जातो. इथे 60,000 मिलिसेकंद, म्हणजे 1 मिनिट, पुरे. तरीही ऑर्डर घेताना सर्व्हरने साठा आणि दर पुन्हा तपासलेच पाहिजेत, त्यात सवलत नाही.

लॉगिन आणि थीम क्वचित बदलतात, त्यांना वेगवेगळे कॉन्टेक्स्ट ठीक. व्हॅल्यूचा ऑब्जेक्ट युजमेमोमध्ये गुंडाळा, म्हणजे तो दर रेंडरला नवा बनणार नाही.

एवढं करूनही पुढे कार्ट अनेक पानांवर, तुकड्यातुकड्याने वाचावं लागलं तर स्टोअर (डेटा ठेवायची कॉम्पोनंटबाहेरची जागा) आणा. लहान ॲपला झुस्टँड ही छोटी लायब्ररी पुरेल. रीडक्स टूलकिट मला वाटतं तीन-चार जण एकाच कोडवर काम करतात तेव्हा उपयोगी; प्रत्येक बदलाचा माग काढता येतो. दोन्हीकडे सिलेक्टरने (स्टोअरमधला हवा तो भाग काढून देणारं फंक्शन) नेमकी एकच व्हॅल्यू वाचा. सिलेक्टरमधून दर वेळी नवा ऑब्जेक्ट परत केला तर रीडक्समध्ये फुकटचे रेंडर होतात आणि झुस्टँड 5 मध्ये न संपणारी रेंडरची साखळी लागू शकते. एकापेक्षा जास्त व्हॅल्यू हव्या असतील तर झुस्टँडमध्ये युजशॅलो लावा.

बदल करण्यापूर्वी आणि नंतर रिॲक्ट डेव्हटूल्समध्ये रेंडर होणारे भाग ठळक दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि एक अक्षर टाइप करा. चौकट बॉक्स, यादी आणि त्यांच्या सामाईक पालकाभोवतीच उमटली पाहिजे. वेग मात्र प्रॉडक्शन बिल्डवर (गिऱ्हाइकाला मिळणारी तयार आवृत्ती), त्याच साध्या फोनवर मोजा. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुका पकडण्यासाठीची रिॲक्टची सोय, चालू असेल तर प्रत्येक कॉम्पोनंट दोनदा चालवतो.