पुण्यात प्रभात रोडवर जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यावा का?

स्वतः राहायचं असेल तर जरूर घ्या. फक्त आधी कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते बघा. नसेल तर पुनर्विकास रखडतो, आणि इथे भाव जमिनीला आहे, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीला नाही. भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा मात्र धरू नका.

राहण्याचं सुख मोठं. सकाळी लॉ कॉलेजची टेकडी, संध्याकाळी कमला नेहरू पार्क, शिवाय २०२३ पासून डेक्कनला मेट्रो. ज्या प्रभात स्टुडिओमुळे रस्त्याला हे नाव पडलं, तिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. बंगले पाडून उंच इमारती उठताहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं. गल्ल्यांमधली सावली अजून आहे, पण पार्किंगचा हक्क करारात लिहून घ्याच.