कानातला मळ: लिहून देण्याआधी पुरावा बघ
ओपीडीत नवीन आहेस म्हणून सांगते. मळ दिसला की काढलाच पाहिजे असं नाही. ऐकू कमी येत असेल, कान दुखत असेल किंवा पडदा बघायचा असेल, तरच हात घाल. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासते, तिचा मळ काढायच्या थेंबांवरचा २०१८ चा आढावा मुळातून वाच. १० अभ्यास, ६२३ रुग्ण, आणि अमुक थेंब तमुकपेक्षा किंवा साध्या पाण्यापेक्षा सरस असल्याचा खात्रीचा पुरावा नाही! मग गरिबाला महागडी बाटली कशाला? पडद्याला भोक असेल तर पाणी मारू नये, यावर कुणी चाचणी घेणार नाही, तरी ते पाळायचंच. मुंबईच्या पावसाळ्यात धुतलेला कान नीट कोरडा कर, बुरशी धरते. इअरबडने आत ढकललेला मळ पेशंटला कॅमेऱ्याने स्क्रीनवर दाखव, लगेच पटतं.