बॅरिस्टर होण्यासाठी पदवी कोणती हवी?

प्रश्न : माझी मुलगी इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचे आहे. कायद्याची पदवी नाही आणि महाविद्यालयही नावाजलेले नाही, तेव्हा हा विचार सोडून द्यावा, असे नातेवाईक म्हणतात. आपले मत काय?
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : इतिहासाची पदवी आड येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, तेव्हा त्यांच्याजवळ अर्थशास्त्राच्या पदव्या होत्या, कायद्याची नव्हती. आजही अन्य विषयाचा पदवीधर आधी कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम आणि मग अशा चार संस्थांपैकी एका ‘इन’चे सभासदत्व घेऊन बॅरिस्टरकीचा बार अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो. पदवी मात्र तिथल्या किमान ‘लोअर सेकंड’ (द्वितीय श्रेणीचा खालचा वर्ग) श्रेणीच्या तोडीची ठरावी लागते.

खरी चाळणी पुढे लागते. बॅरिस्टर ही उपाधी मिळाली, तरी वर्षभराची ‘प्युपिलेज’ ही उमेदवारी केल्याशिवाय स्वतंत्र वकिली करता येत नाही, आणि या जागा इच्छुकांच्या मानाने फारच थोड्या असतात. तिथे अनेक चेंबर्स, म्हणजे बॅरिस्टरांची सामायिक कार्यालये, ‘अपर सेकंड’ (द्वितीय श्रेणीचा वरचा वर्ग) किंवा त्याहून वरची श्रेणी पाहतात. व्यापारी दाव्यांच्या नामांकित चेंबर्समध्ये तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांचा भरणा दिसतो. नातेवाइकांची शंका इथे रास्त आहे. तरीही मुलाखतीत उमेदवारापुढे प्रश्न टाकून त्याचा युक्तिवाद ऐकला जातो. वादविवाद, अभिरूप न्यायालय, गरजूंना कायदेविषयक मदत यांचा अनुभव तिथे उपयोगी पडतो आणि तो अंबाजोगाईत राहूनही मिळवता येतो. बार अभ्यासक्रमाचे शुल्क जबर असल्याने केवळ उपाधीच्या भरवशावर शेत गहाण टाकू नये, असे मी कळकळीने सांगेन. निरनिराळ्या ‘इन’च्या शिष्यवृत्त्यांसाठी आधी अर्ज करावेत.

मला अधिक पटणारा मार्ग असा : तिने इथेच तीन वर्षांचे एलएल.बी. करावे, सनद घ्यावी आणि जिल्हा न्यायालयात किंवा औरंगाबाद खंडपीठात काही वर्षे उभे राहावे. परदेशातील अनुभवी वकिलांना इंग्लंडचे बार स्टँडर्ड्स बोर्ड ही बॅरिस्टरांची नियामक संस्था प्रशिक्षणाच्या काही भागांतून सूट देऊ शकते.

परत येऊन इथेच वकिली करायची असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमानुसार, केवळ बॅरिस्टर असल्याच्या आधारे सनद मिळण्याची सोय ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच आहे. त्यानंतरच्यांना भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली कायद्याची पदवी लागते. त्यामुळे वकिली कोणत्या देशात करायची, हे मुलीला पहिल्यांदा विचारावे.