गाडी कशी चालली आहे, हे मागे बसलेल्यांनी ठरवावं

गाडी आणि ड्रायव्हिंगबद्दल तुमचं असं कोणतं मत आहे जे आजूबाजूच्या लोकांना पटत नाही, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत हे, की गाडी नीट चालली आहे की नाही हे सांगण्याचा पहिला हक्क गाडीत बसलेल्यांचा असतो, चालवणाऱ्याचा नंतर. आपल्याकडे उलटं चालतं. ‘जरा हळू घे’ म्हणणारी आई, सासू, बायको किंवा धाकटा भाऊ भित्रा ठरतो आणि ‘तू गप्प बस, मला कळतं’ म्हणणारा तरबेज. मी स्वतः गाडी चालवते. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून आमचं नेहमी जाणंयेणं असतं. तरीही या बाबतीत मी संपूर्णपणे मागच्या सीटच्या बाजूने आहे, आणि यावरून घरात, नातेवाइकांत माझे वाद झालेले आहेत.

आधी गाडी लागण्याबद्दल बोलते, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. घाटाचा रस्ता असला की घरातलं कुणीतरी निघण्याआधीच आवळासुपारी, लिंबू, गोळी आणि प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवतं. उलटी झाली की चर्चा त्या माणसाच्या पोटाची होते. उपाशी निघाली, फार खाल्लं, मोबाइलमध्ये बघत होती. चालवणाऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मळमळ सुरू होते ती कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं सांगतात म्हणून. चालवणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण पुढचं वळण कधी घ्यायचं आणि ब्रेक कधी दाबायचा हे त्याला आधीच माहीत असतं. त्याची मान आणि पाठ त्यासाठी तयार असते. मागच्याला यातलं काहीच कळत नाही, प्रत्येक हिसका त्याला न सांगता बसतो. वळणात शिरल्यावर ब्रेक, बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर, पुढे ट्रक दिसला की परत ब्रेक, असं चालवणाऱ्याला आपण घाट सफाईने मारला असं वाटत असतं आणि मागे दोन माणसं डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसलेली असतात.

वेग वळणाच्या आधी उतरवला, वळणभर पाय स्थिर ठेवला आणि पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर राखलं, तर त्याच माणसांना त्याच घाटात बराच कमी त्रास होतो. आमच्या सासूबाईंना कोयनानगर सोडलं की पोफळी येईपर्यंत बोलवत नसे. आता त्या त्याच उतारावर खालची दरी दाखवत गप्पा मारतात. गोळी तीच आहे, चालवणं बदललं आहे. सगळ्यांचंच असं होईल असं मी म्हणत नाही, काहींना मुळातच त्रास जास्त असतो. पण तुमच्या गाडीत दर वेळी कुणीतरी आजारी पडत असेल तर पोटाच्या आधी पायाकडे बघा.

वासाचंही तसंच. उतारावर ब्रेकचा जळका वास मागच्या माणसाला आला आणि तो तसं म्हणाला, की उत्तर मिळतं, ‘पुढच्या ट्रकचा येतोय.’ असेलही. पण काच वर करून, एसी आतल्या हवेवर टाकूनही वास येत राहिला तर बाजूला थांबायला हवं. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीचे जुने ड्रायव्हर नव्या माणसाला पहिल्यांदा सांगत. गाडीचा वेग इंजिनाने धरून ठेवायचा आणि ब्रेक लागेल तेवढाच वापरायचा. याउलट इंधन वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय अजून गेलेली नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांचे जे अपघात होत आले आहेत, त्यांत न्यूट्रलवर सोडलेले आणि ब्रेक निकामी झालेले ट्रक वारंवार निघाले आहेत. कारवालेही हेच करतात, फक्त बातमी होत नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, सौजन्य नव्हे. वर येणाऱ्याला डिप्पर मारून थांबवणारे लोक मला खरोखर समजत नाहीत.

वेगाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते आकड्यांतच आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे साधारण ९४.५ किलोमीटरचा आहे. तो सगळा सपाट आणि मोकळा आहे असं धरलं, घाट आणि टोलनाके विसरून गेलो, तरी १०० च्या वेगाने ५७ मिनिटं लागतात आणि १२० ने ४७. दहा मिनिटांचा फरक, आणि तीही कळंबोली किंवा किवळे ओलांडल्यावर पहिल्या कोंडीत जिरून जातात. याच्या बदल्यात धडकेच्या वेळी गाडीत साठलेली ऊर्जा ४४ टक्के वाढलेली असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. पुढचा ब्रेक दिसून आपला पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ५० मीटर अंतर नुसतं कळण्यातच गेलं. ‘पुण्याहून दादर दोन तासांत’ हे वाक्य लग्नात, बारशात कौतुकाने सांगितलं जातं आणि ऐकणारे मान डोलावतात. त्या गाडीत मागे बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही की ते दोन तास कसे गेले. मी विचारते. उत्तर बहुतेक वेळा नवरा जवळ नसताना मिळतं.

आता मागच्या बेल्टकडे येते. यावर मी सगळ्यात जास्त अप्रिय झाले आहे.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. चांगल्यातली चांगली गाडी, दिवसाची वेळ. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी यावर बोलून घेतलं. मागच्या सीटचा बेल्ट सक्तीचा करावा अशी मागणीही झाली, जेव्हा तो नियम आधीपासूनच होता आणि न लावल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूदही होती. आज कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन गाड्यांची मागची सीट बघा. नवी गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर बसतात, आणि ती बसवताना मागची बकलं कव्हरखाली ढकलली जातात. पाहुण्याने बेल्ट ओढला तरी तो अडकवायला जागा सापडत नाही, आणि यजमान म्हणतो, ‘राहू दे हो, मागे लागत नाही.’ ज्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते त्यांत चुकीचं कव्हर ती एअरबॅगही अडवू शकतं, हे कव्हर विकणारा फार क्वचित सांगतो.

लागत नाही म्हणजे काय, ते बघा. ५० चा वेग शहरातला वेग आहे. त्या वेगाने गाडी अचानक थांबली तर बेल्ट नसलेलं शरीर त्याच वेगाने पुढे जातं, आणि तो धक्का जवळपास दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, आणि पुढच्याने बेल्ट लावला असला तरी हा भार पाठीमागून त्याच्यावर येतो. म्हणून मागच्याने बेल्ट लावायचा की नाही हा त्याचा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

मुलांबद्दल तर मी कुणाचंही ऐकत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणं आपल्याकडे मायेचं समजलं जातं. दहा किलोचं मूल अशा धडकेत शंभर किलोच्या वर ओढ घेतं, ते कुठल्याही आईच्या हातात राहणार नाही. समोरची एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि ती मोठ्या माणसाच्या छातीचा हिशेब करून बनवलेली असते. तिच्यासमोर बाळ म्हणजे काय होईल याचा विचारही करवत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तर चालवणाऱ्याला दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. पण आम्ही बाळाची सीट घेतली तेव्हा ‘एवढे पैसे घालून मुलाला बांधून ठेवणार का’ असं आम्हाला आमच्याच माणसांनी विचारलं. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभ्या असलेल्या मुलाचे फोटो मात्र सगळ्यांना आवडतात.

साडी नेसलेल्या बायकांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पट्टा मानेला घासतो, पदर चुरगळतो. पट्ट्याची उंची बदलता येत असेल तर ती बदला, पदर आधी नीट खोचून घ्या, आणि खालचा पट्टा पोटावर न ठेवता ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडावर बसवा. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. आमच्या गाडीत सगळ्यांची बकलं लागल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. काही पाहुण्यांना हा अपमान वाटला. वाटू दे.

यावर चालवणाऱ्यांचा जो आक्षेप असतो तो मला मान्य आहे. ऐन वळणावर मागून ‘अगंबाई!’ अशी किंकाळी आली तर हात दचकतो आणि नसलेलं संकट तयार होतं. म्हणून बोलायचं ते किल्ली फिरवण्याआधी. आम्ही निघण्यापूर्वी चहा घेतानाच ठरवतो: कुणाला त्रास व्हायला लागला तर ‘थांबूया’ एवढा एक शब्द, आणि तो ऐकला की कारण न विचारता जागा बघून गाडी बाजूला. फोन चालवणाऱ्याने उचलायचा नाही, शेजारच्याने उचलायचा. नकाशाही शेजारच्यानेच बघायचा. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ज्याला भीती वाटते त्याच्या भीतीला किंमत द्यायची, कारण मागे राहिल्याने जास्तीत जास्त पोहोचायला उशीर होतो. हे ठरलेलं असलं की किंकाळ्या आपोआप कमी होतात, असा आमच्या घरातला अनुभव आहे. ओरडणारी माणसं बहुधा ती असतात ज्यांचं आधी तीनदा कुणी ऐकलेलं नसतं.

हाच हक्क आपण पगारी ड्रायव्हर असताना मात्र वापरत नाही, तिथे आपणच मालक होतो. गणपतीला, मे महिन्यात, लग्नाला ‘रात्री दहाला निघू, सकाळी पोहोचू, दिवस वाया जात नाही’ हा बेत आपल्याला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याला आपण रात्री दहाला बोलावलं तो दिवसभर काय करत होता हे कुणी विचारत नाही. बऱ्याचदा तो विमानतळावर एक भाडं सोडून, घरी जेवून, आंघोळ करून आलेला असतो, आणि आपण मागे उशा घेऊन झोपतो. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, मग चहा कितीही कडक असो. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसारख्या रस्त्यावर तर दिवसासुद्धा गुंगी येते. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यात बसतच नव्हता. त्याची झोप मोजणारं गाडीतल्या प्रवाशांशिवाय कुणी उरत नाही.

आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो कुठे झोपतो? गाडीत, सीट मागे पाडून, काचा अर्ध्या उघड्या ठेवून, डास मारत. कोकणात मे महिन्यात त्या गाडीत एक रात्र काढून बघितली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती आपली मुलं देताना आपणच कचरू. दहा हजारांची खोली घेणारे लोक ड्रायव्हरच्या साध्या खोलीचे पैसे द्यायचे म्हटले की ‘त्यांना सवय असते’ म्हणतात. झोप न मिळण्याची सवय कुणाच्याही शरीराला होत नसते. लग्नाच्या पंगतीतही तेच, सगळे उठल्यावर शेवटी ‘ड्रायव्हर जेवले का बघा रे’ असा आवाज येतो, आणि अर्ध्या तासात परतीचा प्रवास सुरू होतो.

आमच्याकडे आता रात्री नऊनंतर निघायचं नाही असं आहे. पहाटे पाचला निघतो. गाडी ठरवताना भाड्याच्या आधी मालकाला विचारते की हा ड्रायव्हर काल कुठे होता आणि किती वाजता घरी गेला. दोन मालकांनी यावर फोन ठेवून दिला. तिसऱ्याने नीट सांगितलं, तेव्हापासून त्याच्याचकडून गाडी घेतो. मुक्काम असला की खोल्यांच्या यादीत ड्रायव्हरची खोली पहिली लिहिते, पंखा आणि बाथरूम असलेली, आणि तो आमच्याबरोबर पहिल्या पंगतीत जेवतो. नातेवाइकांपैकी काहींना हे अजून खटकतं, आणि दर कार्यात मला ते नव्याने सांगावं लागतं.