टूर मॅनेजर म्हणून लेहच्या पहिल्या टूरला निघण्याआधी

लेह साधारण 3500 मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असते. विमानातून उतरल्यावर पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा, हे पाहुण्यांना मुंबईतच सांगून ठेव. नाहीतर "पैसे भरलेत, फिरवा" हा तगादा तुझ्यामागे लागतो. आणि ती विश्रांती तुलाही हवी रे! खोल्यांच्या चाव्या, बॅगा, कुणाचं डोकं दुखतंय, या धावपळीत टूर मॅनेजरच आधी आजारी पडतो. एखादे काका चिडले तर त्यांचं पूर्ण ऐकून घे. बहुतेकदा तो राग दमणुकीचा असतो, तुझ्यावरचा नसतो. सीझनमध्ये लागोपाठ टूर मिळतात, भत्त्याचा मोह होतो. तरी मध्ये घरी चार दिवस मागून घे, ऑफिसला स्पष्ट सांग. न मागणारी किती गुणी मुलं ही लाइन सोडून गेली!