केनियाचा इतिहास: सुरुवात कुठून कराल?

हॉर्न्सबीचं ‘केनिया: अ हिस्टरी सिन्स इंडिपेंडन्स’ एवढ्यात घेऊ नका. पुस्तक उत्तम आहे, पण इतकं जाडजूड की पहिल्याच महिन्यात धीर सुटेल. आधी केनियाचे कादंबरीकार न्गुगी यांची ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ वाचा. आहे कादंबरीच, पण डिसेंबर १९६३च्या स्वातंत्र्याच्या तोंडावर गावात कोण कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं, ते तिच्यातून कळतं.

मग माऊ माऊ, म्हणजे १९५०च्या दशकातलं ब्रिटिश राजवटीविरुद्धचं बंड. इथे एकावर थांबू नका. २००५ साली दोन पुस्तकं आली: अँडरसनचं ‘हिस्टरीज ऑफ द हँग्ड’ आणि एल्किन्सचं ‘इम्पीरियल रेकनिंग’. अँडरसन खटल्यांचे कागद उपसतो. हजाराहून अधिक माणसं फासावर गेली, त्यांची कहाणी. एल्किन्स ब्रिटिशांच्या कैद-छावण्यांतून वाचलेल्यांच्या तोंडून बोलते. तिचे मृतांचे आकडे अनेकांना पटले नाहीत, मलाही नाहीत. पण छळाबद्दल ती बरोबर होती: २०१३मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ जणांना भरपाई दिली.

पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या केन्याटांचं १९३८चं ‘फेसिंग माउंट केनिया’ जमलं तर वाचा. मात्र ते किकुयू या एका जमातीबद्दल आहे, अख्ख्या देशाबद्दल नव्हे. लुओ, मासाई, किनाऱ्यावरचे स्वाहिली लोक वेगळे शोधावे लागतील.